लग्न म्हणजे कोऱ्या कागदावरची सही नव्हे

'लैंगिक हक्क' हे दोन शब्द लिहिले की निम्मे लोक पोस्ट न वाचताच पुढे जातात आणि उरलेले निम्मे "ही पाश्चात्य थेरं आमच्याकडे नकोत" असं लिहायला बसतात. म्हणून आधीच सांगते. आजच्या पोस्टमध्ये इंग्लंड येणार आहे, पण ते एवढंच दाखवायला की यातलं थेर नक्की कोणाकडून आलं. बाकी सगळं आपलंच आहे. मुंबई हायकोर्ट आहे, पुण्याची वर्तमानपत्रं आहेत, आपली संसद आहे. पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा आणि मग भांडायला या.

प्रश्न साधा आहे. बायकोने स्पष्ट 'नाही' म्हटलं आणि तरीही नवऱ्याने बळजबरी केली, तर तो बलात्कार होतो का?

भारतात आज याचं कायदेशीर उत्तर आहे, नाही होत.

१ जुलै २०२४ पासून इंडियन पीनल कोड गेलं आणि भारतीय न्याय संहिता आली. गुलामगिरीच्या खुणा पुसायच्या म्हणून नवा कायदा केला असं आपल्याला सांगण्यात आलं. कायद्याचं नाव बदललं, कलमांचे नंबर बदलले, ३७५ चं ६३ झालं. त्या कलमाखालचा दुसरा अपवाद मात्र जागचा हलला नाही. बायको अठरा वर्षांखालची नसेल तर नवऱ्याने तिच्याशी केलेला संभोग हा बलात्कार नाही, असं तो अपवाद म्हणतो. हे अठरासुद्धा अलीकडचं. ऑक्टोबर २०१७ पर्यंत तिथे 'पंधरा' लिहिलेलं होतं आणि तेही सुप्रीम कोर्टाने बदलायला लावलं, संसदेला आपणहून सुचलं नव्हतं.

आता याच कृत्याला कायदा कुठे काय म्हणतो ते बघा. अनोळखी माणसाने केलं तर बलात्कार, किमान दहा वर्षं. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडीदाराने केलं तरी बलात्कार. घटस्फोट झालेल्या नवऱ्याने केलं तरी बलात्कार. लग्न शाबूत आहे पण बायको वेगळी राहते, तर कलम ६७ खाली गुन्हा, दोन ते सात वर्षं. आणि बायको एकाच छपराखाली राहत असेल तर बलात्काराचा गुन्हाच नाही.

म्हणजे ती माहेरी असेपर्यंत तिचं 'नाही' हे 'नाही' असतं. मामा-काकांनी बैठक घेतली, मुलांकडे बघ म्हणाले, ती पिशवी उचलून परत सासरी आली, की त्या शब्दाचा अर्थ कायद्याच्या लेखी संपला. तोच माणूस, तीच बाई, तीच जबरदस्ती. गुन्हा झाला की नाही हे तिच्या म्हणण्यावरून ठरत नाही. तिच्या गळ्यात काय आहे आणि ती कुठल्या घरात झोपते यावरून ठरतं.

मी गेली वीस वर्षं तालुका आणि जिल्हा कोर्टात कौटुंबिक प्रकरणं चालवते. माझ्याकडे येणारी बाई 'बलात्कार' हा शब्द वापरत नाही. ती म्हणते "रात्रीचा त्रास आहे". कधी म्हणते "ऐकत नाहीत". बाळंतपणाला पंधरा दिवस झालेले असतात, ताप असतो, अंगावर जात असतं, आणि ती खाली बघून एवढंच म्हणते, "ऐकत नाहीत". पुढचं आपण समजून घ्यायचं. मग अर्जात लिहिलं जातं 'शारीरिक व मानसिक छळ'. त्या 'शारीरिक' शब्दात सगळं गडप होतं. मारलेली थप्पड आणि वर्षानुवर्षांच्या रात्री एकाच खात्यात जमा होतात.

ही बाई अपवादात्मक आहे असं समजू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या विवाहित बायकांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणींनी तो करणारा म्हणून सध्याच्या नवऱ्याकडे बोट दाखवलं आहे. आपण मुलींना अंधाऱ्या गल्लीची, रिकाम्या बसची, परक्या माणसाची भीती घालून वाढवतो. सरकारचेच आकडे सांगतात की धोका बहुतेक वेळा घरातल्या माणसाकडूनच असतो.

आता हे आलं कुठून, त्याकडे वळते.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मॅथ्यू हेल नावाचे एक मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी लिहून ठेवलं की लग्न करताना बायको नवऱ्याला स्वतःला देऊन टाकते आणि ती संमती तिला परत घेता येत नाही, त्यामुळे नवरा बायकोवरच्या बलात्काराचा दोषी असू शकत नाही. आधार काय दिला? काहीच नाही. त्यांच्या मृत्यूनंतर १७३६ मध्ये पुस्तक छापलं गेलं, वकिलांनी त्याचे दाखले दिले, दाखल्यांचा कायदा झाला. १८६० मध्ये इंग्रजांनी आपल्याला पीनल कोड दिलं त्यात हे कलम होतं. पुढे १९९१ मध्ये इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने हेलसाहेबांचं म्हणणं कालबाह्य ठरवून फेकून दिलं. आपण ते अजून जपून ठेवलंय, आणि वर त्याला 'भारतीय विवाहसंस्थेचं पावित्र्य' म्हणतोय. साहेबाने टाकून दिलेला कोट आपण देव्हाऱ्यात ठेवला आहे.

हे आपल्याकडे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. १८८४ साली, म्हणजे आजपासून एकशेचाळीस वर्षांपूर्वी, मुंबईत रखमाबाईंच्या लक्षात आलं होतं.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लागलं. त्या नवऱ्याकडे नांदायला गेल्याच नाहीत. मोठ्या झाल्यावर त्यांनी सांगितलं, हे लग्न माझ्या समजुतीच्या वयात झालेलं नाही, मला या माणसाबरोबर राहायचं नाही. दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. आजही कोर्टात आम्ही ज्याला 'नांदायला येण्याचा दावा' म्हणतो, तोच.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं नीट वाचण्यासारखं आहे. असा दावा ही मूळची इंग्लंडमधली गोष्ट आहे, ती तिथून उचलून इथे लावली गेली, हिंदू धर्मशास्त्रात तिला आधार नाही, असं ते म्हणाले. एक इंग्रज न्यायाधीश सांगतोय की हे तुमचं नाही, आमचं आहे. आणि आपले पुढारी सांगत होते की नाही नाही, हे आमचंच आहे, आमच्या धर्माचा प्राण आहे! टिळकांच्या पत्रांनी रखमाबाईंवर टीकेची झोड उठवली. प्रकरण अपिलात गेलं आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. खुद्द इंग्लंडने असल्या दाव्यात तुरुंगात टाकण्याची शिक्षा १८८४ मध्येच रद्द केली होती. रखमाबाईंनी सांगितलं, तुरुंगात जाईन.

शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी पुढचं आयुष्य सुरत आणि राजकोटच्या दवाखान्यांमध्ये बायकांची सेवा करत घालवलं. त्या वारल्या १९५५ साली.

१९५५ साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी स्वतंत्र भारताच्या संसदेने हिंदू विवाह कायदा केला, आणि त्याच्या कलम ९ मध्ये तोच दावा, ज्याच्यासाठी रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या होत्या, पुन्हा लिहून ठेवला. इंग्लंडने तो १९७० मध्ये कायदा करून मोडीत काढला. आपल्याकडे १९८३ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने टी. सरिता खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवलं. बाईच्या इच्छेविरुद्ध तिला शरीरसंबंधाच्या जागी नेऊन बसवायचं काम कोर्टाच्या हुकमाने होता कामा नये, असा त्या निकालाचा गाभा होता. वर्षभरात, १९८४ मध्ये, सुप्रीम कोर्टाने सरोज राणी खटल्यात ते पुन्हा जिवंत केलं. आजही हे कलम कायद्यात आहे. पोटगीचा अर्ज आला की उत्तरादाखल कलम ९ चा दावा लावायचा, ही आमच्या बाररूममध्ये सगळ्यांना ठाऊक असलेली चाल आहे.

रखमाबाईंच्या पाठोपाठ १८९० मध्ये कलकत्त्याचं फुलमणी दासी प्रकरण घडलं. दहा-अकरा वर्षांची मुलगी पस्तिशीच्या नवऱ्याच्या बळजबरीने रक्तस्राव होऊन मेली. नवऱ्यावर बलात्काराचा आरोप ठेवता आला नाही, कारण तेव्हाच्या कायद्यात वयाची मर्यादा दहा होती आणि तिने दहा पूर्ण केली होती. त्याला निष्काळजीपणाच्या कलमाखाली एक वर्षाची शिक्षा झाली. त्यानंतर १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा आला आणि मर्यादा दहाची बारा झाली. फक्त बारा! त्यावर पुण्यात केवढं रण माजलं होतं. आगरकर आणि रामकृष्णपंत भांडारकर एका बाजूला, टिळक दुसऱ्या बाजूला. टिळकांचा मुख्य मुद्दा असा, की परक्या सरकारने आमच्या घरात ढवळाढवळ करू नये. त्या काळात तो मुद्दा होता हे मी मान्य करते. आज सरकार परकं नाही. संसद आपली, न्यायाधीश आपले, घटना आपली. मग आता कुणाची ढवळाढवळ?

तर हा झाला इतिहास. आता 'मानवी हक्क' या शब्दाबद्दल थोडं.

१९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा म्हणजे गोऱ्यांचं कागदी काम, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्याच्या पहिल्या कलमात आधी 'सर्व पुरुष' असा अर्थ होईल असे शब्द होते. ते बदलून 'सर्व माणसं' असं करायला लावलं ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. सुरतेत जन्मलेली आणि आमच्या मुंबईच्या विधिमंडळात बसलेली ही बाई नसती तर 'सार्वत्रिक' हा शब्द बायकांना कितपत लागू झाला असता कोण जाणे. त्याच जाहीरनाम्याचं सोळावं कलम सांगतं की लग्न करताना, लग्न असताना आणि लग्न मोडताना स्त्री-पुरुषांना सारखे हक्क आहेत. 'लग्न असताना' हे शब्द तिथे मुद्दाम आहेत. पुढे १९९५ मध्ये बीजिंगच्या महिला परिषदेत जगभरच्या सरकारांनी मान्य केलं की आपल्या लैंगिक आयुष्याबद्दल जबरदस्ती, भेदभाव आणि हिंसेशिवाय निर्णय घेणं हा बायकांच्या मानवी हक्कांचा भाग आहे. त्या परिषदेत भारतही होता.

मानवी हक्क म्हणजे जो माणूस असल्यामुळे मिळतो. कुमारी असल्यामुळे किंवा विधवा असल्यामुळे नाही. तो सार्वत्रिक असेल तर लग्नाच्या दिवशी तो निघून जाऊ शकत नाही, आणि निघून जात असेल तर तो मानवी हक्क नाही, सवलत आहे.

बरं, घरात हे घडतं हे सरकारला माहीत नाही का? चांगलं माहीत आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली घटनेचा अहवाल भरायचा एक छापील नमुना आहे. त्यात 'लैंगिक हिंसा' असं स्वतंत्र शीर्षक आहे आणि त्याखाली पहिलाच पर्याय आहे, सक्तीने केलेला शरीरसंबंध. खूण करायला चौकट आहे. म्हणजे सरकारने स्वतः छापून दिलेल्या कागदावर बाई खूण करू शकते की नवऱ्याने माझ्यावर बळजबरी केली. मग तिला काय मिळतं? संरक्षणाचा आदेश, राहण्याची सोय, नुकसानभरपाई. हे कमी मोलाचं नाही, मी रोज त्याच कायद्यावर काम करते. पण तो माणूस त्या कृत्यासाठी गुन्हेगार ठरत नाही.

२०१३ मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीने हा अपवाद काढून टाका असं स्वच्छ शब्दांत सांगितलं. सरकारने समितीच्या बऱ्याच शिफारशी घेतल्या, ही सोडली. संसदेच्या स्थायी समितीने कारण दिलं की असं केलं तर सगळी कुटुंबव्यवस्था ताणाखाली येईल. ११ मे २०२२ रोजी दिल्ली हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचं यावर एकमत झालं नाही. एक म्हणाले अपवाद घटनाबाह्य, दुसरे म्हणाले वैध. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने गर्भपाताच्या एका प्रकरणात सांगितलं की गर्भपाताच्या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कार हा बलात्कारच धरायचा. आता हे बघा. गर्भ काढायचा असेल तेव्हा तो बलात्कार आहे, आणि गर्भ ज्याच्यामुळे राहिला त्याच्यावर खटला भरायचा असेल तेव्हा तो बलात्कार नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने सुप्रीम कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं. त्याचा सारांश असा, की लग्नामुळे बायकोची संमती संपत नाही, नवऱ्याला ती मोडण्याचा मूलभूत हक्क नाही, पण लग्नात शरीरसंबंधाची एक सततची वाजवी अपेक्षा असते, म्हणून याला बलात्कार म्हणणं फार कठोर आणि प्रमाणाबाहेरचं होईल. मी हे दोनदा वाचलं. अपेक्षा असते, मान्य. नवरा-बायकोत अपेक्षा असणारच, दोन्हीकडून असणार. माझी अपेक्षा आहे की शेजाऱ्याने माझे उसने पैसे परत द्यावेत. म्हणून मी त्याच्या घराचं कुलूप तोडून आत शिरले तर ती घरफोडीच. अपेक्षा पुरी झाली नाही तर बोला, रुसा, समुपदेशकाकडे जा, अगदीच जमत नसेल तर घटस्फोट घ्या. हात पिरगाळण्याचा परवाना त्या अपेक्षेतून निघत नाही.

आणि हा अपवाद नुसता कागदावर पडून आहे असं समजू नका. छत्तीसगडमध्ये जगदलपूरची एक बाई डिसेंबर २०१७ मध्ये मेली. नवऱ्याने अनैसर्गिक बळजबरी केल्याचा तिचा मृत्यूपूर्व जबाब होता. खालच्या कोर्टाने नवऱ्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने त्याला सोडलं. मृत्यूपूर्व जबाबाच्या पुराव्यावर कोर्टाने शंका घेतली, तो भाग वेगळा ठेवू. लैंगिक गुन्ह्यांच्या कलमांबद्दल कोर्टाने जे सांगितलं ते असं, की बायको पंधरा वर्षांखालची नसेल तर नवऱ्याच्या बाबतीत तिची संमती बिनमहत्त्वाची ठरते. यात मी न्यायाधीशांना दोष देत बसणार नाही. कायद्यात जे लिहिलंय तेच त्यांनी वाचून दाखवलं. फुलमणीच्या खटल्यात १८९० च्या न्यायाधीशांनी जसं वाचून दाखवलं होतं तसंच.

आता नेहमीचे आक्षेप घेते. कमेंटमध्ये येणारच आहेत, आधीच उत्तर देऊन टाकलेलं बरं.

एक. "कुटुंबव्यवस्था मोडेल." हे वाक्य १८९१ मध्ये बोललं गेलं. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल आणलं तेव्हा बोललं गेलं. हुंड्याच्या कायद्याला बोललं गेलं. कुटुंबं आहेत अजून. नेपाळच्या सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये बायकोवरचा बलात्कार हा बलात्कारच असा निकाल दिला. तेव्हा नेपाळ हे घटनेनेच हिंदू राष्ट्र होतं. तिथे आजही लग्नं लागतात, वराती निघतात. जे घर फक्त बाईच्या गप्प बसण्यावर उभं आहे त्याला घर म्हणायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं.

दोन. "खोट्या तक्रारी होतील." होतील. मी नवऱ्यांच्या बाजूनेही प्रकरणं चालवते, खोट्या फिर्यादी मी पाहिल्या आहेत आणि त्या लढवल्याही आहेत. पण सातबाऱ्यावरून किती खोटे दावे होतात हे खेड्यातल्या कुठल्याही माणसाला विचारा. म्हणून वाटपाचा कायदा रद्द करा असं कुणी म्हणतं का? चेकच्या खोट्या केसेस होतात म्हणून चेक बुडवणं हा हक्क होत नाही. अटकेला आळा कसा घालायचा, शिक्षा किती ठेवायची, तपास कुणी करायचा, यावर जरूर वाद घालू. तो वाद करण्यासारखा आहे. पण तो वाद गुन्हा मान्य केल्यानंतरचा आहे.

तीन. "बेडरूममधलं सिद्ध कसं करणार?" बलात्काराच्या कुठल्या प्रकरणात चार साक्षीदार उभे असतात? घरातला छळही चार भिंतींच्या आतच होतो, त्याचे खटले चालतात. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा प्रकरण घडलं. १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं, एक कारण असं की मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या. तेव्हा उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या अभ्यासकांनी कोर्टाला उघड पत्र लिहून ठणकावलं की निमूट सहन करणं म्हणजे संमती नव्हे. त्यातून चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुरावा अवघड आहे हे कारण तेव्हा चाललं नाही. आताही चालू नये.

चार. "दुसरे कायदे आहेत की." आहेत. छळाच्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण प्रश्न वर्षांचा नाही, नावाचा आहे. चोरीला तुम्ही 'वस्तूची मानसिक हानी' म्हणत नाही. मग याला 'छळ' का म्हणायचं?

पाच. "आपल्या समाजाची तयारी नाही." त्याच सरकारी पाहणीत लोकांना विचारलं होतं, नवऱ्याला लैंगिक आजार असेल, त्याचे बाहेर संबंध असतील किंवा बायको दमलेली असेल, मन नसेल, तर तिने नकार देणं बरोबर आहे का? दहापैकी आठ बायका आणि जवळजवळ तीनपैकी दोन पुरुष म्हणाले, तिन्ही वेळा बरोबर आहे. समाजाची तयारी आहे हो. तयारी नाही ती संसदेची.

शेवटी एक गोष्ट. हे 'बायका विरुद्ध पुरुष' असं भांडण आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. नव्या संहितेत जुनं ३७७ कलम पूर्णच काढून टाकलं. दोन प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने आधीच रद्द केलं होतं, ते योग्यच होतं. पण त्याबरोबर संमतीशिवायच्या कृत्याचा भागही गेला. परिणाम असा की आज प्रौढ पुरुषावर बलात्कार झाला तर त्याच्यासाठी बलात्काराचं कलमच नाही. तृतीयपंथी व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाला तर २०१९ च्या कायद्यात सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. बाईवर झाला तर किमान दहा वर्षं. बायकोवर नवऱ्याने केला तर बलात्कार नाहीच. एकाच देशात, एकाच कृत्याला, शरीर कुणाचं आहे त्यावर चार भाव. माझं म्हणणं एवढंच आहे की भाव एक असावा. संमती आहे की नाही, एवढाच प्रश्न विचारावा, आणि तो प्रत्येकाच्या बाबतीत विचारावा. सार्वत्रिक याचा अर्थ तोच.

हेही नवं नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवून मराठीतच हे सांगितलं, की लैंगिक बाबतीत बाईची इच्छा पुरुषाच्या इच्छेइतकीच मोलाची आहे. नोकरी गेली, खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने कोर्टात कोण उभं राहिलं होतं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. तेव्हा 'हे आपलं नाही' म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, रखमाबाई, आगरकर, कर्वे, बाबासाहेब, हंसा मेहता यातलं नक्की कोण आपलं नाही? आणि मॅथ्यू हेल आपला कधीपासून झाला?

मागणी छोटी आहे. कलम ६३ खालचा दुसरा अपवाद काढून टाका. त्यासाठी कोर्टाच्या तारखेची वाट बघायची गरज नाही, संसद एका अधिवेशनात करू शकते. तुमचे खासदार लग्नाला, बारशाला, दहीहंडीला येतात ना? पुढच्या वेळी हार घालताना विचारा.

आणि ज्या बहिणी हे वाचून गप्प झाल्या असतील त्यांच्यासाठी. अपवाद आहे म्हणून काहीच करता येत नाही असं नाही. २००५ च्या कायद्याखाली आजही संरक्षण मिळतं. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जा, १८१ ला फोन करा, तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकील मागा. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तो तुमचा हक्क आहे. आणि अर्जात 'शारीरिक व मानसिक छळ' एवढंच लिहून थांबू नका. जे झालं ते त्याच्या नावाने लिहायला सांगा. वकील लाजला तर वकील बदला.

पटलं तर शेअर करा, माझं नाव टाकायची गरज नाही. पटलं नाही तर वरच्या पाचांपैकी कुठला मुद्दा कसा चुकला ते लिहा, उत्तर देईन. शिव्या देणाऱ्यांना ब्लॉक करणार आहे.